मुंबई महानगरात माणसं कुठे वाढतील? क्यूजीआयएसवर लोकसंख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत

क्यूजीआयएससारखं नकाशाचं सॉफ्टवेअर लोकसंख्येचा अंदाज सांगत नाही. नवीन माणसाची पहिली गफलत इथेच होते. दोन प्रश्न वेगवेगळे धरायचे: माणसं किती वाढतील, आणि ती कुठे राहतील. पहिल्याचं उत्तर जनगणनेच्या तक्त्यांतून निघतं, दुसऱ्याचं नकाशावरून. दोन्ही एकाच रास्टरमधून (सारख्या चौकटींच्या जाळीचा नकाशा, प्रत्येक चौकटीत एक आकडा) काढायला गेलात तर नकाशा देखणा होतो, पण त्यावर पाण्याची लाईन टाकता येत नाही.

या लेखात मुंबई महानगर प्रदेश घेतला आहे. २०१९ च्या हद्दवाढीनंतर त्याचं क्षेत्र सुमारे ६,३२८ चौरस किमी झालं. १०० मीटरच्या चौकटी पाडल्या तर साधारण ६ लाख ३३ हजार सेल होतात. ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे काम आरामात करतं. सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याची दीर्घ मुदतीची स्थिर आवृत्ती घ्या, कारण सगळ्यात नव्या आवृत्तीत एखादं प्लगइन चालत नाही आणि दिवस वाया जातो.

हद्द आधी, आकडे नंतर

पुढचं सगळं काम हद्दीवर उभं राहतं, म्हणून इथे घाई करू नका. एक उदाहरण बारकाईने पाहा. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ११.९३ लाख होती, २०११ मध्ये सुमारे १२.४७ लाख. वार्षिक वाढ काढली तर ०.४४ टक्के येते, म्हणजे जवळपास बृहन्मुंबईइतकीच (१,१९,७८,४५० वरून १,२४,४२,३७३, वर्षाला ०.३८ टक्के). डोंबिवलीच्या लोकलमध्ये एकदा सकाळी चढलेला माणूस हा आकडा मान्य करणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. २००२ मध्ये २७ गावं या महापालिकेतून बाहेर काढली गेली. २००१ च्या आकड्यात ती आहेत, २०११ च्या आकड्यात नाहीत. २०१५ मध्ये ती पुन्हा आत आली. म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे भूभाग आहेत.

वसई-विरारचं उलट आहे. ती महापालिका २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून झाली, त्यामुळे २००१ च्या तक्त्यात हे नावच सापडत नाही. पनवेल महापालिका २०१६ ची. ठाणे जिल्ह्याचे २००१ आणि २०११ चे आकडे पालघर धरून आहेत, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.

यावर उपाय एकच: एक हद्द ठरवा आणि सगळ्या वर्षांचे आकडे त्याच हद्दीत आणा. आजची हद्द घेणं सोयीचं. मागच्या वर्षांसाठी गावांचे आणि जुन्या नगरपरिषदांचे आकडे जनगणनेच्या प्राथमिक सारांश तक्त्यातून उचलून बेरीज करा. एखाद्या गावाचा काहीच भाग हद्दीत येत असेल, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करू नका, बांधकामाच्या प्रमाणात करा. खाडीकाठच्या गावाचं अर्धं क्षेत्र तिवरांखाली असतं. तिथे कोणी राहत नाही.

हे झाल्यावर दरांची तुलना खरी ठरते. ज्यांची हद्द या काळात फारशी हलली नाही त्या शहरांत २००१ ते २०११ चा वार्षिक दर असा येतो: मीरा-भाईंदर (५,२०,३८८ वरून ८,०९,३७८) ४.५ टक्के, नवी मुंबई महापालिका सुमारे ४.८ टक्के, ठाणे शहर ३.८ ते ३.९ टक्के. मुंबई शहर जिल्हा मात्र ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरला. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. वाढीचं मॉडेल बनवताना घट होऊ शकते हे सूत्रात आधीच बसवून ठेवा; बरीच तयार टूल्स ते गृहीतच धरत नाहीत.

फाइल्स लावून घेणं

प्रोजेक्ट उघडल्याबरोबर निर्देशक प्रणाली (नकाशावरची जागा कोणत्या मापात मोजायची ते) ईपीएसजी:३२६४३ ठेवा, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर. ती मीटरमध्ये मोजते. सगळे लेयर ‘रीप्रोजेक्ट लेयर’ने त्यात आणा. अक्षांश-रेखांशांत (ईपीएसजी:४३२६) बफर, म्हणजे एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा, काढला तर ५०० हा आकडा ५०० अंश धरला जातो आणि बफर जगभर पसरतो.

नकाशाचा डेटा ठेवायला शेपफाइल या जुन्या फाइल प्रकाराऐवजी जिओपॅकेज वापरा. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागतं, आणि देवनागरी मजकूर पुष्कळदा प्रश्नचिन्हांत बदलतो.

जनगणनेचा तक्ता नकाशाला जोडताना कोडचा रकाना मजकूर म्हणून आणा. एक्सेलमध्ये फाइल उघडून सेव्ह केली की ०००७ चं ७ होतं आणि जोडणी रिकामी येते. मुंबईचे वॉर्ड नावाने जोडायच्या भानगडीत पडू नका. एकाच वॉर्डाला एका फाइलमध्ये ‘एफ/उत्तर’, दुसरीत ‘एफ नॉर्थ’, तिसरीत ‘एफएन’ असतं. महापालिकेचे जुने २४ प्रशासकीय वॉर्ड घ्या, त्यांना स्वतःचे १ ते २४ क्रमांक द्या आणि तोच रकाना सगळीकडे ठेवा. निवडणुकीचे प्रभाग ही वेगळी गोष्ट आहे, त्यांच्या सीमा दर फेररचनेत हलतात. ते यात आणू नका.

जोडणीनंतर तीन गोष्टी तपासा: एकही रकाना रिकामा नाही, बेरीज मूळ तक्त्याशी एका माणसाचाही फरक न पडता जुळते, आणि ‘फिक्स जॉमेट्रीज’ चालवून हद्दींचे तुटके कोपरे नीट झाले आहेत. तिसरी गोष्ट राहिली तर पुढे ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ (हद्दीतल्या सेलची बेरीज करणारं टूल) एखादा वॉर्ड गुपचूप गाळतं.

आज कोण कुठे राहतं

२०११ नंतर जनगणनेचा आकडा नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर आजचा पाया स्वतः बांधावा लागतो.

तयार रास्टर मिळतात. युरोपीय आयोगाचं जीएचएस-पॉप १०० मीटरचं आहे आणि १९७५ पासून दर पाच वर्षांचं आहे. वर्ल्डपॉपही १०० मीटरच्या सेलमध्ये मिळतं. सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण त्यांच्यावर विसंबू नका. ती रास्टर मुळात जुन्या जनगणनेचे आकडे उपग्रहावर दिसणाऱ्या बांधकामावर वाटून बनलेली असतात, आणि मुंबईत बांधकाम आणि माणसं यांचं नातं सरळ नाही. भिवंडीजवळची गोदामं पाहा: एकेका छपराखाली काही एकर, मुक्कामाला पाच-पंचवीस माणसं. उरणकडचे कंटेनर यार्ड तसेच. उलट गोवंडीच्या वस्तीत छपरं छोटी आणि एकेका खोलीत पाच-सहा जणं. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली ५२ लाखांहून जास्त माणसं, म्हणजे सुमारे ४१.८ टक्के, झोपडपट्टीत नोंदली गेली. हा फरक न करता वाटणी केली तर निम्म्या शहराचा नकाशा चुकतो.

म्हणून वॉर्डाची बेरीज इमारतींवर स्वतः वाटा. लागणाऱ्या गोष्टी: इमारतींचे आराखडे (ओपनस्ट्रीटमॅप आणि गुगलचं ओपन बिल्डिंग्ज), उंचीचा अंदाज, वापर (राहती, दुकान-कचेरी, गोदाम), आणि झोपडपट्टीच्या हद्दी. रीत अशी:

प्रत्येक इमारतीचं राहतं चटईक्षेत्र काढा: पायाचं क्षेत्र × मजले × राहत्या वापराचा वाटा. मग वस्तीच्या प्रकारानुसार दरडोई चटईक्षेत्राचं एक सुरुवातीचं गृहीतक धरा, उदाहरणार्थ झोपडपट्टी ४ चौरस मीटर, चाळ ६, सोसायटीची इमारत १२, नवा टॉवर २०. भागाकाराने इमारतीतली माणसं मिळतात. वॉर्डातली सगळी बेरीज करून वॉर्डाच्या लोकसंख्येशी ताडा आणि फरकाच्या गुणकाने सगळे आकडे वरखाली करा. हा गुणक ०.८ ते १.२५ च्या बाहेर गेला तर गृहीतक किंवा इमारतींचा डेटा चुकला आहे. पुढे जाऊ नका, त्या वॉर्डात परत जा.

बहुतेक वेळा चूक वस्तीत सापडते. खेटून बसलेली पन्नास घरं उपग्रहाला एकच लांबलचक छप्पर दिसतं. उंचीच्या अंदाजात पोटमाळे येत नाहीत. अशा ठिकाणी इमारत मोजणं सोडा. वस्तीची हद्द घ्या आणि हेक्टरी घनता जवळच्या सर्वेक्षण झालेल्या वस्तीवरून लावा.

आजच्या वर्षाची वॉर्डाची बेरीज आणायची कुठून? घरगुती वीजजोडण्या, मालमत्ता कराच्या नोंदी, शाळांची पटसंख्या आणि मतदार यादी ही चार साधनं हाताशी असतात. एकावरच अवलंबू नका, किमान दोन जुळवा. मतदार यादीत गावाकडे नाव ठेवलेला माणूस दिसत नाही. जन्मनोंदणी घेणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा: नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते. नालासोपाऱ्याची बाई बाळंतपणासाठी मुंबईच्या रुग्णालयात आली की जन्म मुंबईत मोजला जातो. राहण्याच्या पत्त्यावर लावलेली जन्मनोंदच वापरा.

रास्टर हाताळताना दोन खोड्या हमखास होतात. पहिली, लोकसंख्येचं रास्टर ‘वार्प’ने एका प्रणालीतून दुसरीत नेलं की एकूण बेरीज बदलते, कारण सेलची संख्या बदलते आणि प्रत्येक सेल आपल्या शेजाऱ्याचा आकडा तसाच उचलतो. आधी माणसांना क्षेत्राने भागून घनता करा, मग वार्प करा, मग नव्या सेलच्या क्षेत्राने गुणा, आणि शेवटी वॉर्डाच्या बेरजेशी जुळवा. दुसरी, ‘नो-डेटा’ची किंमत. जीएचएस-पॉपमध्ये ती उणे २०० असते. गुणधर्मांत ती नोंदली नसेल तर समुद्राचे सेल उणे माणसं म्हणून बेरजेत शिरतात आणि किनाऱ्यावरचा वॉर्ड रिकामा दिसतो.

किती वाढतील

नकाशा मिटा, तक्ता उघडा.

नुसता मागचा दर पुढे ओढणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं. मीरा-भाईंदरचा ४.५ टक्के दर २०११ पासून २५ वर्षं चालू ठेवला तर २०३६ मध्ये सुमारे २४ लाख माणसं येतात. शहराचं क्षेत्र सुमारे ७९ चौरस किमी. म्हणजे दर चौरस किलोमीटरला तीस हजारांहून जास्त, आणि त्या क्षेत्रात मिठागरं, तिवरं, उत्तनचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचा भागही आला. जिथे आज घरं आहेत तिथेच ही सगळी माणसं बसवावी लागतील. चक्रवाढीला जमीन दिसत नाही.

आमच्या मते नवीन माणसाने वरून खाली यावं. राज्याचा आकडा स्वतः काढू नका. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ चे राज्यवार अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध केले आहेत, त्यात महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या वेगळी दिली आहे. राज्याच्या शहरी लोकसंख्येत महानगर प्रदेशाचा वाटा १९९१, २००१ आणि २०११ मध्ये किती होता ते काढा, तो वाटा कोणत्या दिशेने सरकतो ते पाहा, आणि त्यावरून प्रदेशाची एकूण संख्या ठरवा. ही बेरीज पुढे कुठेही ओलांडायची नाही.

प्रदेशाच्या आत जिल्हे किंवा महापालिका यांत वाटताना वयोगटांची रीत वापरा. जनगणनेच्या सी-१४ तक्त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. २००१ मध्ये २० ते २४ वर्षांचे जे होते, ते २०११ मध्ये ३० ते ३४ वर्षांचे. २०११ चा आकडा २००१ च्या आकड्याने भागा. उत्तर १.३ आलं तर मृत्यू वजा जाऊनही बाहेरून माणसं आली आहेत, ०.८ आलं तर निघून गेली आहेत. स्थलांतराची वेगळी आकडेवारी न शोधता स्थलांतर यात आपसूक येतं. पुरुष-स्त्रिया वेगळे ठेवा, कारण मुंबईत कामाला येणारा एकटा पुरुष आणि लग्न करून वसईत घर घेणारं जोडपं यांच्या वाटा वेगळ्या आहेत. लहान मुलांसाठी ० ते ४ वयाची मुलं आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया यांचं गुणोत्तर लावा. जनन दर उतरतो आहे, म्हणून जुनं गुणोत्तर तसंच पुढे नेऊ नका.

या रीतीची मर्यादा: दहा वर्षांतलं स्थलांतर जसं होतं तसंच राहील असं ती धरते. म्हणून तीन अंदाज ठेवा. एकात स्थलांतराचा जोर अर्धा, एकात आहे तसा, एकात दीडपट. पुढचं सगळं तिन्हींसाठी चालवा.

कुठे राहतील

आता नकाशा. तीन रास्टर बनवायची आहेत, तिन्ही १०० मीटरची, एकाच कोपऱ्यापासून सुरू होणारी. कोपरा अर्धा सेल सरकला तर रास्टर कॅल्क्युलेटर कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतो.

पहिलं, मनाईचं रास्टर. जिथे घर होऊ शकत नाही तिथे ०, बाकी १. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे १०४ चौरस किमी), तुंगारेश्वर, कर्नाळा, माथेरानचा संवेदनशील पट्टा, खाडी आणि तिवरं, सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) बांधकामबंदीचे पट्टे, तलाव, संरक्षण खात्याची जमीन, रेल्वे यार्ड, तीव्र उतार. कायद्याने मनाई असूनही जिथे वस्ती आधीच आहे, तिथे आजची माणसं पायाच्या आकड्यात ठेवा, वाढ मात्र शून्य करा. नकाशावरून त्यांना पुसलंत तर त्यांच्या वाटचं पाणीही योजनेतून पुसलं जातं.

दुसरं, सामावण्याची मर्यादा. एका हेक्टरच्या एका सेलचं गणित करून पाहा. १०,००० चौरस मीटर. रस्ते, मैदानं, सुविधा यांचे ४० टक्के वजा, उरले ६,०००. एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) २ धरला तर १२,००० चौरस मीटर बांधकाम. त्यातलं प्रत्यक्ष राहतं क्षेत्र ६५ टक्के, म्हणजे ७,८००. दरडोई १२ चौरस मीटरने ६५० माणसं. १५ टक्के घरं रिकामी धरली तर ५५२. आज तिथे ३०० राहत असतील तर उरलेली जागा २५२ माणसांची. एफएसआय अंदाजाने लावू नका: मुंबई महापालिकेच्या हद्दीत डीसीपीआर २०३४ आणि बाहेरच्या बहुतेक भागात यूडीसीपीआर या विकास नियमावल्यांतून घ्या, आणि झोन विकास आराखड्यातून. रिकाम्या घरांचा वाटा सगळीकडे एकच ठेवू नका. गुंतवणुकीसाठी घेतलेल्या फ्लॅटांच्या नव्या संकुलांत रात्री किती खिडक्या उजळतात ते एकदा जाऊन पाहिलं की हा आकडा किती मोठा असू शकतो ते कळतं.

पुनर्विकासाचे सेल वेगळे नोंदवा. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत जुनी कुटुंबं तिथेच राहतात आणि वर विक्रीची इमारत उभी राहते, माणसं वाढतात. गिरणगावात मात्र पुष्कळ ठिकाणी कामगारांच्या वस्तीजवळ कचेऱ्या आणि मॉल आले; तिथे बांधकाम वाढून राहणारी माणसं वाढलीच असं नाही. उपग्रहाला दोन्ही सारखंच दिसतं.

तिसरं, ओढीचं रास्टर: कोणत्या सेलकडे माणसं जास्त ओढली जातात. वजनं मनाने देऊ नका, मागचं वागणं बघून द्या. २००१ आणि २०११ च्या आसपासची लँडसॅट उपग्रहाची चित्रं घेऊन बांधकामाचे दोन नकाशे करा. चित्रं नोव्हेंबर ते जानेवारीची घ्या. पावसाळ्यात ढग असतात. एप्रिल-मेमध्ये कोरडी भातखाचरं आणि मिठागरं सिमेंटसारखी चमकतात, आणि वसई-उरणच्या पट्ट्यात नसलेलं शहर उगवतं. मे-जूनला वस्त्यांवर निळी ताडपत्री चढते, तीही वर्गीकरणाला गोंधळात टाकते.

मग स्टेशनपासूनच्या वेळेचे पट्टे पाडा. समजा १० मिनिटांच्या पट्ट्यात मोकळ्या सेलपैकी ८ टक्के होते आणि दहा वर्षांत झालेल्या नव्या बांधकामापैकी २४ टक्के तिथे झालं, तर त्या पट्ट्याचं गुणोत्तर ३. ४० मिनिटांच्या पलीकडे ३० टक्के सेल आणि १२ टक्के बांधकाम, तर ०.४. असंच महामार्ग, शेजारची वस्ती, उतार, रोजगाराचं ठिकाण यांचं काढा आणि सगळी गुणोत्तरं एकमेकांनी गुणा. रस्ता आणि स्टेशन पुष्कळदा जवळजवळच असतात. दोन्ही गुणले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते, म्हणून त्यातलं एक ठेवा.

अंतर सरळ रेषेत मोजणं ही मुंबईतली सगळ्यात महाग चूक आहे. ‘प्रॉक्झिमिटी’ टूल खाडी ओलांडून जातं. भाईंदर आणि नायगाव ही लागोपाठची स्टेशनं, मध्ये वसईची खाडी. रेल्वेने काही मिनिटं. रस्त्याने निघालात तर घोडबंदरकडे वळून वर्सोवा पुलावरून महामार्गाने फिरून यावं लागतं. गोराई बोरिवलीपासून नकाशावर हाताच्या अंतरावर, पण मध्ये खाडी आहे, ती होडीने ओलांडावी लागते. त्यामुळे रस्ते आणि रेल्वेचं जाळं घेऊन ‘नेटवर्क अॅनालिसिस’मधून वेळ काढा. चालण्याचा वेग ताशी ४ ते ५ किमी, आणि लोकलच्या प्रवासात गाडी बदलण्याचे किमान १० मिनिटं धरा.

जाळं कोणत्या वर्षाचं हेही लिहून ठेवा. शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या जाळ्यावर उलवे आणि उरण दूर दिसतील, नंतरच्या जाळ्यावर एकदम जवळ. पण सेतूला टोल आहे आणि लोकलइतकी माणसं तो वाहून नेत नाही. त्याला नव्या स्टेशनाइतकं गुणोत्तर देऊ नका. नवी मुंबई विमानतळ आणि मेट्रोच्या मार्गांचंही तसंच: चालू झालेलं आणि कागदावरचं यांचे दोन वेगळे लेयर ठेवा, कागदावरचं फक्त वरच्या अंदाजात वापरा.

वाटप

आता दर पाच वर्षांच्या टप्प्याने माणसं सेलमध्ये बसवायची. सगळ्यात ओढीचा सेल आधी भरायचा, मग दुसरा, असं केलं तर स्टेशनभोवती ठासून भरलेले ठोकळे आणि बाहेर शून्य असा नकाशा येतो. खरं शहर तसं वाढत नाही. त्याऐवजी ओढ × उरलेली जागा या गुणाकाराच्या प्रमाणात वाटा.

तीन सेल घेऊ. ओढ ३, १.५ आणि ०.५. उरलेली जागा २००, ५०० आणि ५५०. गुणाकार ६००, ७५० आणि २७५, बेरीज १,६२५. वाटायची माणसं ७००. पहिल्या फेरीत २५८, ३२३ आणि ११८ येतात (पूर्णांकात आणताना एक माणूस सुटतो). पहिल्या सेलमध्ये जागाच २०० ची, म्हणून ५८ उरले. उरलेल्या दोघांची शिल्लक जागा नव्याने ओढीने गुणून ते ५८ वाटले की ३२ आणि २६ जातात. शेवटी, सुटलेला एक माणूस धरून, २००, ३५५, १४५. बेरीज ७००. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन-तीन फेऱ्यांत हे संपतं. पाच फेऱ्यांनंतरही माणसं उरत असतील तर त्या शहरात जागाच नाही. जास्तीची माणसं शेजारच्या शहराच्या वाट्याला द्या आणि तशी नोंद ठेवा. मुंबईकडून मीरा-भाईंदरला, तिथून वसई-विरारला वाढ सरकली ती साधारण अशीच.

टप्पा संपला की ‘शेजारची वस्ती’ आणि ‘उरलेली जागा’ नव्याने काढा, मग पुढचा टप्पा.

खरं-खोटं तपासणं

२०३६ चा नकाशा कोणाला दाखवण्याआधी २००१ पासून सुरुवात करून २०११ चा ‘अंदाज’ काढा आणि खऱ्या जनगणनेशी ताडा. वजनं २००१-११ वरूनच काढली असतील तर ही परीक्षा सोपी होते. म्हणून वजनं अर्ध्या प्रदेशातून काढा आणि परीक्षा उरलेल्या अर्ध्यावर घ्या, उदाहरणार्थ मध्य रेल्वेच्या बाजूची वजनं पश्चिमेच्या बाजूला लावून बघा.

चूक वॉर्डवार टक्क्यांत मांडा. ‘नव्वद टक्के सेल बरोबर आले’ या वाक्यावर भुलू नका: दहा वर्षांत बहुतेक सेल बदलतच नाहीत, त्यामुळे काहीही न करणारं मॉडेलसुद्धा नव्वद टक्के बरोबर ठरतं. फक्त बदललेले सेल बघा. किती खरे पकडले, किती सुटले, किती उगाच दाखवले. चुकांचा नकाशा काढा. त्या एका पट्ट्यात गोळा झाल्या असतील तर एखादं कारण राहून गेलं आहे, बहुधा पूल, स्टेशन किंवा झोन बदल.

नियोजनाच्या टेबलावर

अभियंत्याला सेलचं रास्टर देऊ नका. त्याला जलक्षेत्रानुसार किंवा वॉर्डानुसार तीन आकडे हवे असतात: खालचा, मधला, वरचा. तुमचे सेल ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने त्या हद्दींत बेरीज करून द्या. एक लाख जास्त माणसं म्हणजे दरडोई १३५ लिटरने दिवसाला १.३५ कोटी लिटर. १५ टक्के गळती धरली तर सोडावं लागतं सुमारे १.५९ कोटी लिटर. महानगरासाठी १५० लिटर धरायचं असेल तर त्याच प्रमाणात वाढवा. शाळेसाठी ५ ते ९ वयोगट, दवाखान्यासाठी ६० वर्षांवरचे. हे आकडे वयोगटाच्या तक्त्यात आधीच आहेत, ते सेलच्या प्रमाणात उतरवता येतात.

गृहीतकांची एक वेगळी फाइल ठेवा: कोणती हद्द, कोणत्या वर्षाचं जाळं, दरडोई चटईक्षेत्र, रिकाम्या घरांचा वाटा, प्रत्येक गुणोत्तर. मूळ रास्टर १०० मीटरमध्येच जपा, वॉर्डाच्या बेरजा नव्हेत. २०२७ ची जनगणना येईल तेव्हा काही वॉर्डांच्या आणि महापालिकांच्या हद्दी पुन्हा बदललेल्या असतील. सेल जपले असतील तर नवी हद्द वर टाकून एका तासात ताळा करता येतो. फक्त वॉर्डाच्या बेरजा असतील तर २७ गावांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.